आपण कधीकधी, देव सदैव : ग्रीकांचा 'नूस' आणि आपली बुद्धी

गुण्या :

दहावीच्या मुलांना भूमिती शिकवतो. गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलीने वही मिटून सरळ विचारलं, "सर, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० च का? सातवीपासून लिहितेय, पण का ते कुणी सांगितलंच नाही." मी फळ्यावर त्रिकोण काढला, त्याचा पाया उजवीकडे पुढे वाढवला आणि उजव्या कोपऱ्यातून डाव्या बाजूला समांतर अशी एक रेषा वर नेली. बोललो काहीच नाही. ती बघत राहिली. अर्धा मिनिट असेल. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ती एकदम म्हणाली, "अय्या, ते दोन्ही कोन इथेच येऊन बसले की! एक व्युत्क्रम, एक संगत. खाली सरळ रेषाच आहे!"

मी तिला फक्त रेषा दिली होती. ते 'दिसणं' मी दिलेलं नव्हतं. पुस्तकानेही दिलेलं नव्हतं, कारण पुस्तक तिच्याकडे तीन वर्षं होतं. मग ते आलं कुठून?

असाच प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षं ॲरिस्टॉटल वाचतोय. त्याच्या 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या पुस्तकातल्या नवव्या प्रकरणात नेमकी हीच आकृती भेटली तेव्हा अंगावर काटा आला. तो म्हणतो, त्रिकोणाचे कोन मिळून दोन काटकोन का होतात? बाजूला समांतर रेषा वर काढलेली असती तर बघताक्षणीच कळलं असतं. लगेच पुढचं उदाहरण अर्धवर्तुळातल्या काटकोनाचं, म्हणजे आमच्या दहावीच्या पुस्तकातलंच प्रमेय. आकृतीत जे नुसतं शक्यतेच्या रूपात पडून असतं ते रेषा काढल्यावर उघड होतं, आणि याचं कारण तो देतो की विचार म्हणजेच ती शक्यता प्रत्यक्षात येणं.

इथून पुढे ग्रीक लोक जिथे जातात ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी या 'दिसण्या'ला एक नाव दिलं, नूस. हाच शब्द त्यांनी विश्व चालवणाऱ्या दैवी तत्त्वालाही वापरला. एकच शब्द, दोन्हीकडे. धागा काढला आहे तो यासाठीच. माणसाची समज आणि देवाची समज ही एकाच जातीची आहे, हे त्यांना कशावरून वाटलं?

सुरुवात झेनोफेनिस या जुन्या ग्रीक कवी-विचारवंतापासून करता येते. माणसांसारखे हातपाय असलेले, चोऱ्या करणारे, एकमेकांना फसवणारे देव त्याने नाकारले आणि एक असा देव सांगितला जो संपूर्णपणे पाहतो, संपूर्णपणे विचार करतो, संपूर्णपणे ऐकतो आणि कष्टाविना, केवळ मनाच्या विचाराने सारं हलवतो. नूस हे विश्वाचं तत्त्व म्हणून ठामपणे मांडला तो ॲनाक्सागोरसने. हा क्लॅझोमेनीचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा, इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये राहिला, तिथल्या पेरिक्लीस या पुढाऱ्याचा स्नेही होता. तो म्हणतो की प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा अंश मिसळलेला आहे. एकटा नूस कशातही मिसळलेला नाही. मिसळला असता तर त्याला बाकीच्यांवर सत्ता चालवता आली नसती. तो सर्वांत तलम, सर्वांत शुद्ध. त्यानेच आदिम गोळ्याला गरगर फिरवलं आणि सारं वेगळं होत गेलं. सूर्य म्हणजे पेलोपोनीजहून (ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाहून) मोठा तापलेला गोळा आहे असंही तो म्हणाला, आणि अधर्माच्या आरोपाखाली त्याला अथेन्स सोडावं लागलं. लँप्सॅकसला वारला. त्याची पुस्तकं मात्र अथेन्समध्ये एका द्राख्म्याला मिळत, असं सॉक्रेटिस आपल्या खटल्यात सांगतो.

सॉक्रेटिसचीच दुसरी आठवण प्लेटोच्या 'फीडो' या संवादात आहे, विष पिण्याच्या दिवसाची. तरुणपणी कुणीतरी ॲनाक्सागोरसचं पुस्तक वाचत होतं, त्यात 'सर्वांची मांडणी नूसने केली' हे ऐकलं आणि मला फार आनंद झाला, असं तो सांगतो. बुद्धीनेच मांडणी केली असेल तर प्रत्येक गोष्ट तशी असणं का उत्तम आहे, हे हा माणूस सांगेल. पुस्तक मिळवून घाईघाईने वाचलं, तर पुढे नूसचं नावही नाही. हवा, ईथर, पाणी हीच कारणं. हे म्हणजे सॉक्रेटिस तुरुंगात का बसला आहे याचं उत्तर 'त्याला हाडं आणि स्नायू आहेत म्हणून' असं देण्यासारखं झालं. ही हाडं आणि स्नायू तर, मला पळून जाणं योग्य वाटलं असतं, तर केव्हाच शेजारच्या मेगारा नाहीतर बिओशियाला पोचले असते, असं तो म्हणतो. मृत्यूच्या काही तास आधी एका पुस्तकाने केलेली निराशा आठवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

प्लेटोने ती उणीव 'तिमायस' या संवादात भरून काढली. तिथे विश्व घडवणारा कारागीर आहे, विश्वाला स्वतःचा आत्मा आहे, आणि आकाशातली ग्रहताऱ्यांची नियमित फिरती हे नूसचं दिसणारं रूप आहे. डोळे कशासाठी मिळाले? आकाशातल्या बुद्धीच्या आवर्तनांकडे बघावं आणि आपल्या डोक्यातली भरकटलेली आवर्तनं त्यांच्या चालीवर आणावीत यासाठी. पुढे तो म्हणतो की आपलं मूळ जमिनीत नाही, आकाशात आहे. आपण स्वर्गीय रोप आहोत.

आता ॲरिस्टॉटल. त्याचा देव 'मेटाफिजिक्स'च्या बाराव्या पुस्तकात आहे. तो स्वतः न हलता सगळं हलवतो. कसं? प्रिय वस्तू जशी हलवते तसं. ती जागची हलत नाही, आपण तिच्याकडे ओढले जातो. आणि हा देव करतो काय? विचार. कशाचा? उत्तमाचा. उत्तम काय? तोच. म्हणून त्याचा विचार हा विचाराचा विचार. ज्या वाक्यापाशी मी थांबतो ते याच पुस्तकात आहे. त्याचा अर्थ असा : ज्या चांगल्या अवस्थेत आपण कधीकधी असतो त्या अवस्थेत देव सदैव असेल, तर ते आश्चर्य आहे, आणि याहून चांगल्या असेल, तर त्याहून मोठं आश्चर्य. मूळ ग्रीकमध्ये दोन छोटे शब्द आहेत. 'पोते', कधीकधी. 'आएई', सदैव. देव आणि माणूस यांच्यातलं अंतर त्याने इथे या दोन क्रियाविशेषणांनी मोजलं आहे.

त्या मुलीला रेषा दिसली तो अर्धा मिनिट म्हणजे तिचा 'पोते' होता. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्यानुसार त्या क्षणी ती जे करत होती तेच तो देव अखंड करतो.

प्रश्न पुढचा आहे, आणि तो माझा सुटलेला नाही. ते दिसणं तिचं स्वतःचं होतं का? की दिव्यासारखं काहीतरी बाहेरून आलं? ॲरिस्टॉटलच्या 'डी ॲनिमा' ('जिवाविषयी') या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण यावर आहे. छापील जेमतेम पंधरा-सोळा ओळी, पण त्यांवर दोन हजारांहून अधिक वर्षं वाद चालू आहे. जाणकारांनी लिहावं.

---

तिठा :

फार दिवसांनी असा धागा वाचला. वाचनखूण साठवली आहे. एक साधी शंका. हा देव फक्त स्वतःचाच विचार करत असेल तर त्याला आपण माहीत आहोत का? प्रार्थना केली तर ऐकतो का?

---

गुण्या :

तिठा, ॲरिस्टॉटलचा हा देव प्रार्थना ऐकत नाही. त्याने जग निर्माणही केलेलं नाही. ॲरिस्टॉटलसाठी जगाला सुरुवातच नाही. त्याला आपण माहीत आहोत का यावर भाष्यकारांत एकमत नाही. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारख्या ख्रिस्ती विचारवंतांनी म्हटलं की सर्वांचं कारण असलेला स्वतःला जाणतो म्हणजे स्वतःत सर्वांना जाणतोच. मूळ मजकुरात मात्र काही गोष्टी न पाहिलेल्याच बऱ्या असं वाक्य आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे या देवाशी नातं जोडायचं तर नवस-सायास उपयोगाचे नाहीत. एखादी गोष्ट खरोखर समजून घेणं हीच एक वाट उरते.

---

पैलतीर :

लेख आवडला. पण हे सगळं आपल्याकडे घटाकाश-महाकाश म्हणून आहेच ना? घडे अनेक, आकाश एक. बुद्धी एकच, देहांमुळे वेगळी भासते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या' आहे. स्वतःच स्वतःला जाणणारा. तुमचा 'विचाराचा विचार' याहून वेगळा कसा?

---

गुण्या :

पैलतीर, 'स्वसंवेद्य' हा शब्द तुम्ही दिलात त्याबद्दल मनापासून आभार. 'विचाराचा विचार' हे भाषांतर मला खुपत होतंच. फक्त दोन ठिकाणी जपून चालावं असं वाटतं. एक म्हणजे 'बुद्धी' हा शब्द. मीही शीर्षकात तोच वापरला, दुसरा जवळचा सापडला नाही म्हणून. पण सांख्यांच्या हिशेबात बुद्धी ही प्रकृतीतून निघालेली, म्हणजे जड बाजूची, चैतन्य पुरुषाचं. ग्रीकांचा नूस स्वतःच जाणणारा आहे, त्याला दुसऱ्या कुणाचा उजेड लागत नाही. दुसरं म्हणजे अद्वैतात शेवटी जाणणारा, जाणलेलं आणि जाणणं ही त्रिपुटी मावळते. ॲरिस्टॉटलकडे विचार करणारा आणि ज्याचा विचार होतो ते एक होतात हे खरं, पण तिथे 'हे त्रिकोणाबद्दल आहे' हा आशय राहतो. समजण्याला काहीतरी समजलेलं लागतं. ही दोन घरं शेजारी आहेत, पण घर एकच असं म्हणायला माझं मन धजत नाही.

---

कंदील :

मी ग्रीक शिकले आहे, म्हणून त्या पंधरा ओळींबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आधीच्या, चौथ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो की आपला नूस विचार करण्यापूर्वी प्रत्यक्षात काहीच नसतो. ज्यावर अजून काही लिहिलेलं नाही अशा पाटीसारखा असतो. (त्यांच्याकडे मेणाच्या लाकडी पाट्या असत.) मग पाचव्यात तो म्हणतो की सगळ्या निसर्गात एक होणारं असतं आणि एक घडवणारं असतं, माती आणि कुंभाराची कला असं समजा. तेव्हा जिवातही हा भेद असलाच पाहिजे. एक नूस सर्व काही 'होतो', दुसरा सर्व काही 'करतो', उजेडासारखा. अंधारात रंग हे शक्यतेने रंग असतात, उजेड त्यांना प्रत्यक्ष रंग करतो. हा दुसरा नूस वेगळा होऊ शकणारा, कशाचा परिणाम न होणारा, अमिश्र आहे. 'अमिश्र' हा ॲनाक्सागोरसचाच शब्द आहे, आणि चौथ्या प्रकरणात त्याचं नाव घेऊनच तो आणला आहे.

आणि मग ते वाक्य : वेगळा झाल्यावर तो जो आहे तेवढाच असतो, आणि हेच एक अमर आणि शाश्वत आहे. आपल्याला मात्र आठवत नाही, कारण हा परिणामांपासून मुक्त आहे आणि परिणाम होणारा नूस नाशवंत आहे. आणि 'याशिवाय' काहीच विचार करत नाही. शेवटचं वाक्य ग्रीकमध्ये चार प्रकारे लागतं. 'याशिवाय' म्हणजे कोणत्याशिवाय, आणि विचार न करणारा कोण, दोन्ही जागा मोकळ्या आहेत. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की माझं व्याकरण कच्चं आहे. मग कळलं की सगळ्यांचंच इथे अडतं.

त्यामुळे दोन मोठे तट पडले. इ.स. २०० च्या आसपास अथेन्समध्ये ॲरिस्टॉटलचं तत्त्वज्ञान शिकवणारा अलेक्झांडर (ॲफ्रोडिसियसचा) म्हणाला की घडवणारा नूस म्हणजे दुसरं कुणी नाही, 'मेटाफिजिक्स'च्या बाराव्या पुस्तकातला देवच. आपला स्वतःचा नूस ही शरीराच्या घडणीतून उगवलेली निव्वळ पात्रता, शरीराबरोबर जाणारी. देवाचा विचार आपण करतो तेव्हा, तेवढ्यापुरतं, आपल्यात काहीतरी अविनाशी येतं. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात एक शब्द आहे, 'थिराथेन', दाराबाहेरून. नूस तेवढा दाराबाहेरून आत येतो आणि तोच दैवी, असं तिथे म्हटलं आहे. अलेक्झांडरचा सगळा भर त्या शब्दावर.

चौथ्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये थेमिस्टियस हा दुसरा भाष्यकार उलट बोलला. 'जिवात' हा भेद असला पाहिजे असं ॲरिस्टॉटल म्हणतो, मग तो देव कसा? घडवणारा नूस हेच आपलं खरं स्वरूप आहे. मग तो एक की अनेक? मूळ प्रकाश एक, त्याने उजळलेले आणि पुढे उजेड देणारे अनेक, असं तो उत्तर देतो. आणि गुण्या, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहिते : त्याने पुरावा म्हणून शिकवण्याचंच उदाहरण दिलं आहे. शिकवणाऱ्याचा विचार आणि शिकणाऱ्याचा विचार एकच असतो. तसा नसता तर शिकवणं आणि शिकणं शक्यच झालं नसतं. आपल्या सगळ्यांचा वाटा असलेला एक नूस नसता, तर ते एकच असणं आलं कुठून?

---

गुण्या :

कंदील, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि फळा डोळ्यांसमोर आला. मला आजवर वाटत होतं की माझ्या डोक्यातला त्रिकोण एक, तिच्या डोक्यातला दुसरा, आणि ते दोन जुळले. थेमिस्टियस विचारतो की जुळले हे तुला कसं कळलं? तुलना करायला तू कुठे उभा होतास? मला उत्तर देता आलं नाही.

तरी एक अडचण राहते. समजणारा एकच असेल तर ती मुलगी चुकते तेव्हा चुकतं कोण? मागच्या चाचणीत तिने जीवा आणि व्यास यांत गल्लत केली होती. ती चूक तिची एकटीची होती, माझी नव्हती.

---

कंदील :

हाच आक्षेप पुढे गाजला. बाराव्या शतकात कॉर्डोबाच्या (स्पेन) इब्न रुश्द या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकाराने आपला होणारा नूससुद्धा सर्व माणसांत मिळून एकच आहे असं मांडलं; वेगळं असतं ते पाहिल्या-ऐकल्यावरून प्रत्येकाच्या मनात उमटलेलं कल्पनाचित्र, म्हणून चुका आणि विसरणं आपापलं. त्यावर १२७० मध्ये अक्वायनसने एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा आहे : 'हा माणूस विचार करतो' हे वाक्य तुम्हाला वाचवता येत नाही. भिंतीचा रंग डोळ्याला दिसतो म्हणून भिंत बघते असं कुणी म्हणत नाही. तसं माझं कल्पनाचित्र नूसला दिसलं म्हणून 'मी' विचार केला असं होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या बिशपने तेरा विधानं निषिद्ध ठरवली; त्यातलं पहिलंच 'सर्व माणसांचा नूस संख्येने एक आहे' हे होतं. पण हे सगळं ग्रीकांनंतरचं, त्यामुळे इथेच थांबते.

---

रानवारा :

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून राहवत नाही. मेंदूला रक्तपुरवठा काही मिनिटं थांबला तर हे सगळं दिसणं बंद होतं. उजेड बाहेरून येतो असं मानायची गरज काय? ॲरिस्टॉटलला मेंदूचं काम ठाऊक होतं का?

---

गुण्या :

नव्हतं. तो हृदयाला केंद्र मानायचा आणि मेंदूचं काम शरीर थंड ठेवणं असं समजायचा. यात तो चुकला, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण नूसला इंद्रिय नाही असं तो म्हणतो त्यामागे युक्तिवाद आहे, तो तेवढा बघा. लखलखीत उजेड पाहिल्यावर डोळ्याला लगेच मंद गोष्टी दिसत नाहीत, मोठ्या आवाजानंतर हळू आवाज ऐकू येत नाही. इंद्रियावर ताण येतो. समजण्याचं मात्र उलट आहे. फार कठीण गोष्ट समजली की सोपी आणखी सोपी दिसते. म्हणून इंद्रियांच्या जाणिवेला शरीर लागतं, नूस मात्र वेगळा आहे, असं त्याचं म्हणणं. मुलांना वर्तुळाचं अवघड प्रमेय कळलं की आधीचं सगळं सहज वाटायला लागतं, हे मी दर वर्षी बघतो.

---

रानवारा :

निरीक्षण मान्य. पण तीन तास गणित केल्यावर डोकं चालेनासं होतं हेही दर वर्षी बघत असाल. थकवा येतोच.

---

गुण्या :

खरं आहे. तो म्हणेल की थकतं ते शरीर, कल्पनाचित्रं पुरवणारं. चित्राशिवाय आपण विचार करू शकत नाही हे तोही मानतो. पण मग 'वेगळा' म्हणजे किती वेगळा, हा तुमचा प्रश्न उभाच राहतो. तो खोडता येईल असं मला वाटत नाही.

---

माजघर :

सगळे ॲरिस्टॉटलपाशीच थांबलेत म्हणून प्लोटायनसची बाजू मांडते. मला विचाराल तर या प्रश्नाचं सर्वांत धीट उत्तर त्याचं आहे.

इ.स. तिसऱ्या शतकातला, प्लेटोला गुरू मानणारा हा माणूस. अठ्ठाविसाव्या वर्षी अलेक्झांड्रियात अमोनियस नावाच्या गुरूकडे गेला आणि अकरा वर्षं राहिला. मग पर्शियन आणि भारतीय तत्त्वज्ञान प्रत्यक्ष जाणून घ्यावं म्हणून २४३ मध्ये सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला. सम्राट मेसोपोटेमियात मारला गेला, प्लोटायनस कसाबसा अँटिऑकला सुटून आला आणि तिथून रोमला. भारतापर्यंत तो पोचलाच नाही. पैलतीर यांच्या प्रश्नाच्या संदर्भात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. साम्य दिसतं ते उसनं घेतलेलं होतं असं यावरून सिद्ध होत नाही, पण ओढ होती हे नक्की.

त्याच्या मांडणीत सर्वांत वर 'एक' हे मूळ तत्त्व, मग नूस, मग जीव. नूसमध्ये सर्व रूपं, म्हणजे वस्तूंचे मूळ नमुने, आहेत आणि प्रत्येक रूप स्वतः नूस आहे. तो ठासून सांगतो की ज्ञेय गोष्टी नूसच्या बाहेर नाहीत. बाहेर असत्या तर नूसकडे त्यांचे ठसेच आले असते, आणि ठसा खरा आहे की खोटा हे कसं कळणार? यावरून त्याच्या वर्गात जे घडलं ते मला फार आवडतं. पॉर्फिरी नवा विद्यार्थी म्हणून आला आणि याच मुद्द्यावर विरोधात निबंध लिहिला. प्लोटायनसने तो अमेलियस या आपल्या जुन्या शिष्याकडून वाचून घेतला, हसला, आणि म्हणाला, याच्या अडचणी सोडव, याला आपलं म्हणणं अजून कळलेलं नाही. अमेलियसने मोठं उत्तर लिहिलं. पॉर्फिरीने प्रत्युत्तर लिहिलं. अमेलियसने पुन्हा उत्तर दिलं. तेव्हा पॉर्फिरीला पटलं, आणि त्याने आपलं मत मागे घेणारा निबंध वर्गात सर्वांसमोर वाचला. पुढे गुरूची सगळी लिखाणं गोळा करून नऊ-नऊच्या सहा गटांत, एकूण ५४ प्रकरणांत, लावली ती याच पॉर्फिरीने.

आता मूळ प्रश्न, उजेड आपला की बाहेरचा? प्लोटायनस म्हणतो की आपल्या जिवाचा एक भाग खाली उतरलेलाच नाही. तो आत्ताही तिथेच, नूसमध्ये आहे. मग आपल्याला कळत का नाही? यावर त्याचं उत्तर असं : एखाद्याला एक विशिष्ट आवाज ऐकायचा असतो, तेव्हा तो बाकीचे आवाज सोडून देतो आणि त्या आवाजाकडे कान लावतो, तसं करायला हवं. बोलणं तिकडे चालूच आहे. म्हणजे तुमच्या 'कधीकधी' आणि 'सदैव'मध्ये तो एक गाठ मारतो, गुण्या. 'सदैव' आपल्यातही चालू आहे. कधीकधी होतं ते फक्त आपलं लक्ष जाणं.

नंतरच्या प्लेटोवाद्यांना हे झेपलं नाही. आयाम्ब्लिकस आणि प्रोक्लस म्हणाले की जीव पूर्ण उतरतो. वर भाग शिल्लक असता तर आपण दुःखी का असतो? हा आक्षेप हलका नाही. तरी मी प्लोटायनसच्या बाजूची. माझी आई पहाटे ओव्या पुटपुटत दळायची तेव्हा घरात आम्ही पाच भावंडं गोंगाट करायचो. ती थांबायची नाही. आम्ही थांबलो की ओवी ऐकू यायची, मधूनच, अर्ध्यातून. ती आमच्यासाठी सुरू झालेली नसायची.

---

गुण्या :

माजघर, आता ते प्रकरण वाचलं की मला जात्याची घरघर ऐकू येणार.

---

सांजवात :

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. वडील निवृत्त शिक्षक. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला नावाने ओळखत नाहीत. कंदील यांनी लिहिलंय की 'आपल्याला आठवत नाही, कारण तो परिणामांपासून मुक्त आहे'. हे वाक्य वाचून थांबले. ॲरिस्टॉटलने म्हातारपणाबद्दल, विसरण्याबद्दल काही म्हटलंय का? म्हणजे त्याच्या मते बाबांमधला नूस आहे का अजून?

---

गुण्या :

ताई, म्हटलंय. 'डी ॲनिमा'च्या पहिल्याच पुस्तकात, चौथ्या प्रकरणात. जसं आहे तसं सांगतो, गोड करून नाही.

तो म्हणतो की नूस नाश पावत नाही असं दिसतं. पावला असता तर म्हातारपणी येणाऱ्या क्षीणतेने सर्वांत आधी पावला असता. पण तिथेही इंद्रियांसारखंच घडतं : म्हाताऱ्याला तरुणाचा डोळा मिळाला तर तो तरुणासारखंच पाहील. म्हणजे म्हातारपण हे जिवाला झालेलं काही नसतं, जीव ज्यात राहतो त्याला झालेलं असतं, नशेत किंवा आजारात होतं तसं. आतलं दुसरं काहीतरी झिजतं म्हणून विचार मंदावतो. नूस स्वतः अबाधित असतो. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून 'हो' असं आहे.

पण तो तिथे थांबत नाही. आठवणं आणि प्रेम करणं हे नूसचे व्यापार नाहीत, ते नूस ज्याच्यापाशी आहे त्या माणसाचे आहेत, असं पुढचं वाक्य आहे. म्हणून तो झिजला की आठवणही उरत नाही आणि प्रेमही. जे टिकतं ते कुणाचं बाबा म्हणून टिकत नाही. मला हे वाक्य दर वेळी जड जातं. तुम्हाला लिहावं की नाही असा संध्याकाळभर विचार केला, पण तुम्ही सरळ विचारलंत.

---

माजघर :

सांजवात, प्लोटायनसही म्हणतो की वर जाणारा जीव खालचं विसरत जातो. पण तो ते हरवणं मानत नाही, ओझं उतरणं मानतो. तुमच्या घरातलं विसरणं तेच आहे असं मी म्हणणार नाही. काळजी घ्या.

---

सांजवात :

खरं सांगितलंत हे बरं केलंत. डॉक्टर सोडले तर घरी येणारं प्रत्येक जण समजूतच घालतं.

पण मला ॲरिस्टॉटलचं दुसरं वाक्य पटत नाही. काल रात्री जेवताना बाबांनी मला "तुम्ही कुठल्या?" विचारलं. मी म्हटलं, इथलीच. मग त्यांनी आपल्या ताटातली पोळीची अर्धी घडी उचलून माझ्या ताटात ठेवली, लहानपणी ठेवायचे तशीच, तूप लावलेली बाजू आत करून. मी कोण ते त्यांना आठवलेलं नव्हतं. त्यांनी विचारलंही पुन्हा, पाच मिनिटांनी.

आठवण आणि प्रेम त्याने एकाच वाक्यात एकत्र बांधलेत. ते दोन्ही एकत्र जातात असं त्याने कुणाच्या घरी पाहिलं?